बरोबर असेल तर मिस्ड कॉल

आमच्या ऑफिसात हल्ली एक नवीन टूल आलं आहे. सॉफ्टवेअरमधली चूक ते स्वतः शोधतं, कुठल्या ओळीत ती दडली आहे ते दाखवतं आणि परवानगी दिली तर दुरुस्तही करून टाकतं. ते समजावून द्यायला आलेल्या तरुणानं पडद्यावरची लाल खूण हिरवी करून दाखवली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. कुठलंही नवं टूल आलं की 'नव्याचे नऊ दिवस' असं मनात म्हणायची मला खोड आहे, पण इथं ती म्हण टिकायची नाही हे दिसत होतं. टूल खरंच चांगलं आहे. टाळ्या वाजवता वाजवता मला पाचोडहून येणाऱ्या एका फोनची इतकी आठवण आली, की चहाचं निमित्त करून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

फोन माझ्या वडिलांचा. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. आमच्या गावी, पाचोडला, स्टँडजवळ त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटारी उघडून ते नव्या तारेनं भरून द्यायचे. माणूस मुळात कमी बोलायचा, आणि फोनवर तर त्याहून कमी. फोन कामासाठी असतो, गप्पांसाठी गावातला पार असतो, असा त्यांचा कायदा. मी नोकरीला शहरात आले, हर्सूलला खोली घेतली, तरी आमचं संभाषण 'पोचलीस का', 'पोचले', 'ठेवतो' एवढ्यात आटपायचं. दादा आता नाहीत. पण एके काळी ते माझ्याशी फोनवर भरपूर बोलायचे, आणि त्याला कारण एक ॲप होतं.

ती सगळी दुष्काळाची वर्षं. औरंगाबाद, तेव्हा तेच नाव होतं, चहूकडं वाढत सुटलं होतं. बीड बायपासच्या पलीकडं ज्वारीच्या रानात सहा-सहा मजली इमारती उभ्या राहत होत्या, पण नळाची पाइपलाइन काही तिथवर पोचत नव्हती. त्या सोसायट्या टँकरवर जगायच्या. आमची छोटी कंपनी जालना रोडवर टाइल्सच्या दुकानाच्या वर होती आणि टँकर मागवायचं ॲप बनवत होती. टँकर भरून निघाला की सोसायटीच्या वॉचमनला मराठीत मेसेज जायचा, 'तुमचा टँकर निघाला आहे', खाली गाडीचा नंबर. माझं काम ते ॲप तपासायचं. म्हणजे ते मुद्दाम वाकडंतिकडं वापरायचं आणि मोडतंय का बघायचं. लहानपणी वस्तू मोडली की पाठीत धपाटा बसायचा, इथं पगार मिळत होता.

अडचण अशी, की वॉचमनकडं बटणांचे जुने फोन असायचे, आणि रेंजही धड नसायची. ऑफिसात सगळ्यांचे फोन नवे, रेंज भरपूर, त्यामुळं आमच्याकडं मेसेज नेहमी नीटच दिसायचा. मला दादांचा फोन आठवला. बटणांचा, कोपरे झिजलेला. आणि त्यांच्या दुकानाच्या पायरीवर रेंज असायची, आत गेलं की गायब. मी त्यांना विचारलं. "कामाचं हाय म्हणतीस तर करतो," ते म्हणाले. आम्ही ठरवलं, की मी मेसेज पाठवायचा. बरोबर आला तर त्यांनी मिस्ड कॉल द्यायचा, आणि चूक असली तरच खरा फोन करायचा.

सुरुवातीला खरे फोनच जास्त आले. "बाई, पहिल्या वळीत नुसते डबे दिसायलेत. शेवटचं 'आहे' तेवढं वाचाया येतंय." जुन्या फोनवर मराठी अक्षरांचे चौकोन होत होते, ही खरी चूक होती आणि ती आमच्या ऑफिसात कुणालाच सापडली नसती. मी ती नोंदवून घ्यायचे. काम झालेलं असायचं, पण फोन चालूच असायचा, आणि फोन चालू आहे म्हटल्यावर दादा बोलायचे. विहिरी आटायला लागल्या तेव्हा मोटारी कोरड्या फिरून जळत होत्या, दुकानात रीघ होती. आता पाणीच नाही, तर मोटार चालणार कशी आणि जळणार कशी? आजूबाजूच्या मोसंबीच्या बागा लोक तोडायला लागले होते. "लई वंगाळ दिसतंय ते, हिरव्या झाडावर कुऱ्हाड," दादा म्हणायचे. हे सगळं ते घरी कधी बोलले नव्हते. मी कानाला फोन लावून, एका हातानं उगीच कीबोर्ड वाजवत, कामात असल्यासारखी ऐकत राहायचे.

एकदा मात्र भलतंच झालं. दादा फोन पायरीवर ठेवून आत गेले, आणि नेमका माझा मेसेज आला. शेजारच्या चहावाल्यानं वाचला, 'तुमचा टँकर निघाला आहे', आणि मोठ्यानं सांगितला. दादा बाहेर येईपर्यंत दुकानासमोर घागरी मांडल्या गेल्या होत्या. "बाई, तुझ्या टँकरनं इथं रांग लावली," त्यांनी फोन केला. हा मेसेज खोटा आहे, माझी लेक तिकडं बसून पाठवते, असं त्यांनी लोकांना सांगून पाहिलं. एक म्हातारी म्हणाली, "निघालाय म्हणायलाय, तर येईल की उशिरानं." ती बराच वेळ घागरीपाशी बसून राहिली. त्या दिवसापासून मी प्रत्येक मेसेजच्या आधी 'चाचणी' असा शब्द टाकायला लागले.

हळूहळू ॲप सुधारलं. डबे गेले, नंबर नीट यायला लागले, रेंज गेली तरी मेसेज हरवेना. आणि फोनची एकच रिंग वाजून बंद पडायला लागली. ऑफिसच्या हिशेबानं ही चांगली बातमी होती. मला ती रिंग ऐकवत नसे. माझं काम जसजसं नीट होत गेलं, तसतसं वडिलांचं बोलणं बंद होत गेलं.

मग एके दिवशी रिंग वाजतच राहिली. "बाई, आज अक्षर जरा बारीक आलंय." मी तपासलं, काही नव्हतं. पुढं म्हणाले, मेसेज आला पण टोन हळू वाजला. त्यानंतर म्हणाले, "आज मजकूर उजवीकडं कलल्यावानी वाटायला." तक्रार सांगून झाली की त्यांचा आवाज मोकळा व्हायचा. कुणाचा बोअर कोरडा गेला, आई गच्चीवर झोपायला लागली, तुमच्या नळाला पाणी आलं का, ड्रमवर झाकण ठेवत जा.

आमच्या धंद्यात एक नियम आहे, चूक पुन्हा घडवून दाखवता आली पाहिजे. मी ऑफिसातल्या प्रत्येक फोनवर तो मेसेज पाठवून पाहिला. कुठंच कलला नाही. दादांच्या तक्रारी एकाखाली एक लावून कारण शोधत बसले, आणि शोधता शोधता लख्ख कळलं, की चूक मेसेजमध्ये नव्हतीच. दुकानात काम नव्हतं, आणि लेकीशी बोलायला निमित्त नव्हतं. म्हणून ते त्यांनी तयार केलं होतं. त्या दिवशी मला ऑफिसातच रडू आलं, आणि फार बरंही वाटलं.

मग मीही हातभार लावला. अधूनमधून मुद्दाम चुकीचा मेसेज पाठवायचे, गाडीचा नंबर गाळून, नाहीतर 'निघाला'च्या जागी 'निघाली' घालून. "सापडली बघ," दादा म्हणायचे, आणि बोलत बसायचे. आमच्या टीम लीडना यातलं काही माहीत नव्हतं. पाचोडला कुणीतरी एक युजर आहे, एवढंच. "अगं, हा माणूस किती तक्रारी करतो, आणि एक खरी नाही. तपासणाऱ्यांच्या यादीतून काढ त्याला," ते म्हणाले. मी म्हटलं, "सर, असे युजर मिळत नाहीत." ते हसले आणि विषय तिथंच राहिला.

पण पुढच्या वर्षी यादीच बंद झाली. तपासणी आपोआप करणारं टूल आलं. ते हजार खोट्या फोनना मेसेज पाठवायचं, स्वतःच वाचायचं, स्वतःच शेरा द्यायचं. त्यात जुना फोन खोटा बनवता यायचा आणि वाईट रेंजसुद्धा. पाचोडची रेंज आमच्या ऑफिसात बसून तयार होते हे ऐकून मी थक्क झाले. ते टूल मी मन लावून शिकले. मला ते आवडायचं, आजही आवडतं, आणि पुढं माझी सगळी नोकरी त्याच कामावर उभी राहिली.

दादांना मी सांगितलं, की आता मशीनच तपासतं. "बरं झालं. तुझा तरास वाचला," ते म्हणाले. "ठेवतो." त्यानंतर मी रविवारी फोन करायचे. 'काय चाललंय?', 'काय नाय, तुझं?', 'काही नाही'. मग आई फोन घ्यायची.

पाऊस झाला त्या वर्षी मी पाचोडला गेले. दुकानात मोटारींचा ढीग लागला होता, आणि दादा तारेचे वेढे देत बसले होते. मी स्टूल ओढून बसले. मग खाली मान घालूनच त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या मशीनला चूक घावली, तर ते सांगतं कुणाला?"

"कुणाला नाही, दादा. चुकांच्या यादीत टाकतं. पुढं पुढं तर स्वतःच दुरुस्त करणारी पण येणार आहेत."

त्यांनी तार तोडली. "मंग बोलायचं कधी?"

"आपण बोलू की रोज," मी म्हटलं. "कामाशिवाय."

"कामाशिवाय काय बोलत्यात?" त्यांनी विचारलं. ते मला टोचत नव्हते. त्यांना ते खरंच माहीत नव्हतं, आणि मी शिकलेली म्हणून मला विचारत होते. मलाही माहीत नव्हतं. मग आम्ही दोघं ते शिकायला लागलो, रोज संध्याकाळी फोनवर, अडखळत. फार दिवस मिळाले नाहीत.