नानांचा डोळा

धुळ्याच्या आमच्या स्टुडिओत वरच्या मजल्यावर एडिटिंगची खोली आहे. त्या खोलीत एकच खुर्ची होती आणि ती सासऱ्यांची होती. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही म्हणते. नानांना कॉम्प्युटर येत नव्हता. माउस हातात घेतला की त्यांची बोटं आखडायची. पण फोटोचा रंग ठरवणार तेच. म्हणजे नाना खुर्चीत बसणार आणि सून शेजारी उभी राहून, वाकून, माउस चालवणार. "पिवळा जरा कमी कर." मी कमी करायची. "इतका नाही, थोडा परत दे." मी द्यायची. सासऱ्यांसमोर सुनेनं खुर्चीवर बसायचं नाही, ही घराची रीत. दुसरी खुर्ची खोलीत मावणारही नाही, असं नवरा म्हणायचा. मी पट्टी घेऊन मोजलं होतं. आरामात मावत होती.

सातवा महिना होता तेव्हाही मी तशीच उभी राहिले. पोट टेबलाच्या कडेला टेकायचं. पाय असे सुजायचे की संध्याकाळी चप्पल घालताना रडू यायचं. नानांना ते दिसत नव्हतं असं नाही. फोटोतल्या मावशीच्या कानामागचा डाग ज्यांना दिसतो, त्यांना शेजारी उभ्या असलेल्या बाईचे पाय दिसत नाहीत, हे मी मरेपर्यंत मानणार नाही.

खोटं कशाला बोलू, त्यांचा डोळा खरंच चांगला होता. आजूबाजूचे स्टुडिओवाले नवरीला पिठासारखी पांढरी करून ठेवत. नाना तसं करू देत नसत. सावळी असेल तर सावळीच, पण अशी की बघणारा म्हणेल, काय नवरी आहे. आणि हळदीचे फोटो तर त्यांनीच करावेत. हळद जरा इकडे गेली की काविळीसारखी दिसते, तिकडे गेली की माणूस गारठलेला वाटतो. नाना मधली जागा बरोबर पकडत. मी चार वर्षं शेजारी उभी राहून ती जागा शिकले, पण मला कुणी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी जुना कॉम्प्युटर अगदीच दमला. नवीन कॅमेऱ्याच्या फाइली एवढ्या मोठ्या की एक उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. नवऱ्याला कॅमेऱ्यातलं सगळं कळतं, कॉम्प्युटरमधलं काही नाही. मी फैजपूरला कॉम्प्युटर घेऊन बीएस्सी केलं होतं, तरी लग्नानंतर त्याचा उपयोग फक्त उभं राहण्यासाठी झाला होता. मी म्हटलं, तयार मशीन नको, सुटे भाग आणून मी जुळवते. यादी केली. गेम खेळायचे नाहीत म्हणून ग्राफिक कार्ड मध्यम. रॅम भरपूर. काम चालू असलेल्या फोटोंसाठी वेगवान एसएसडी आणि जुने अल्बम ठेवायला एक मोठी हार्ड डिस्क. उरलेले सगळे पैसे मॉनिटरच्या पडद्यावर घालायचे, कारण पडदा खोटं दाखवत असेल तर बाकीचं मशीन कितीही धावलं तरी काय उपयोग.

सामान जळगावहून आणलं. पडद्याचा खोका डिकीत मावेना, म्हणून मी तो मांडीवर घेतला. पारोळ्यापर्यंत मांड्या बधिर झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीत चादर अंथरली, बांगड्या काढून ठेवल्या, लोखंडी कपाटाला हात लावून अंगातली वीज घालवली आणि बसले. प्रोसेसर, पंखा, रॅम, वायरी. स्क्रू ठेवायला आमटीच्या वाट्या. दुपारी बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच.

नाना दारात उभे होते. कधी आले होते कुणास ठाऊक.

"मी सांगेल व्हतं," ते अहिराणीत म्हणाले. "हाई तुन्हं काम नही."

मी स्क्रू काढले. परत उघडलं. रॅमची एक पट्टी एका बाजूनं नीट बसलीच नव्हती. अंगठ्यानं दाबली, खट्ट आवाज आला, आणि पडदा लागला. मागे वळून पाहिलं तर नाना खाली निघून गेले होते. चूक बघायला थांबले, बरोबर आलेलं बघायला थांबले नाहीत.

पूजेला गल्लीतले चारजण बोलावले. नारळ नवऱ्यानं फोडला, कुंकू नवऱ्यानं लावलं. कुणीतरी विचारलं, कुठून घेतलं? नाना म्हणाले, "मन्हा पोऱ्यानी बनाडं." नवरा माझ्याकडे बघून ओशाळं हसला आणि पेढे वाटायला लागला. मी चहा आणायला आत गेले. तेव्हा राग आला, पण तो गिळण्यासारखा होता.

न गिळण्यासारखं आठ दिवसांनी झालं. दोंडाईचाच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरचं लग्न आम्ही केलं होतं. मारवाडी कुटुंब, मोठी माणसं, मुलीचा बाप फोटो निवडायला स्वतः आला. मला उभी बघून सहज म्हणाला, सूनबाई करतात वाटतं सगळं? नाना खुर्चीत मागे रेलले आणि हसले. "ती नुसती उंदीर हलवते. डोळा माझा." तो माणूसही हसला. मी माउसवर हात ठेवून उभी होते. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ते त्या दिवशी मला कळलं.

आता मी काय केलं ते सांगते. आमचे अल्बम छापणाऱ्या जळगावच्या लॅबमधून मी रंग मोजायचं एक यंत्र दोन दिवसांसाठी मागून आणलं होतं. लिंबाएवढं असतं. पडद्यावर टेकवलं की पडदा किती खरं दाखवतो ते बघतं आणि चूक सुधारून एक सेटिंग जपून ठेवतं. नानांनी ते पाहिल्यावर, "यंत्र मला रंग शिकवणार?" असं म्हणून बाजूला सारलं होतं. ते जेवायला गेल्यावर मी गुपचूप ते काम करून घेतलं. आता त्या खऱ्या सेटिंगशेजारी मी दुसरं बनवलं. त्याला नाव दिलं, नाना.

नाना जिना चढायला लागले की पायऱ्या वाजत. वरच्या पायरीपर्यंत मी सेटिंग बदललेलं असायचं. पहिल्या दिवशी त्यात पिवळा अगदी केसभर जास्त होता. दुसऱ्या दिवशी आणखी केसभर. डोळ्याला एकदम बदल झाला की कळतं, रोज थोडाथोडा झाला की तो सवय करून घेतो. हे मला नानांनीच शिकवलं होतं. सकाळपासून एकच फोटो बघत बसू नकोस, डोळा फसतो, असं ते म्हणत. पंधरा दिवसांत पडदा पिवळट झाला आणि नाना त्यापुढे बसून शांतपणे म्हणत राहिले, पिवळा कमी कर. मी कमी करत राहिले. एवढी आज्ञाधारक मी कधीच नव्हते.

दोंडाईचाचा अल्बम छापून आला. हळदीची सगळी पानं निळसर. नवरीचा चेहरा थंड पडल्यासारखा, गालावरची हळद राखेसारखी. मुलीची आजी स्वतः दुकानात आली होती. तिनं चष्मा लावून पानं उलटली आणि फक्त एवढंच म्हणाली, "आमची पोरगी जिवंत आहे हो." नाना उभे राहिले होते, ते खाली बसले.

त्यांनी लॅबला फोन लावला. लॅबवाला म्हणाला, फाइलच तशी आहे नाना, दुसऱ्यांचे अल्बम याच मशीनवर बरोबर निघतात. मग नवऱ्यानं मला सगळी पानं पुन्हा नव्यानं करायला सांगितली. मी ती एकटीनं केली, खऱ्या सेटिंगवर. दुसरा अल्बम आला तो सोन्यासारखा. नवरा म्हणाला, बघा नाना. नानांनी दोन्ही अल्बम शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले. कागदावर त्यांना फरक लगेच दिसत होता. तोच फरक पडद्यावर आपल्याला का दिसला नाही, हे त्यांना कळेना. कसं कळणार.

आणखी दोन अल्बम तसेच बिघडले. तोवर हळदीचा फोटो आला की ते अडखळू लागले. आधी म्हणायचे, कमी कर. आता म्हणायचे, कमी करायचा का गं? मी म्हणायची, तुम्ही सांगाल तसं.

मग त्यांना डोळ्याच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. डॉक्टरनं नीट तपासलं. रंगीत ठिपक्यांत लपवलेले आकडे असतात, तेही वाचायला दिले. नानांनी सगळे बरोबर वाचले, एकही चुकला नाही. डॉक्टर म्हणाला, या वयात असे डोळे मी क्वचित बघतो, खुशाल काम करा. बाहेर पायऱ्या उतरताना मी त्यांचा दंड धरला होता. ते थांबले आणि म्हणाले, "डॉक्टरले काय समजस? फोटो खोटं बोलस का?"

तिथे सांगता आलं असतं. त्या पायरीवर, त्यांचा दंड हातात असताना, दोन वाक्यांचं काम होतं. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला आनंद झाला. इतका झाला की रिक्षात बसल्यावर मी तोंड बाहेर वळवून घेतलं. वाईट नंतर वाटलं, पण ते कधीच त्या आनंदाएवढं झालं नाही.

त्या आठवड्यात नाना वर आले, खुर्चीजवळ उभे राहिले आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आते तूच बैस. मन्हा डोया गयात." मी बसले. घरातली रीत कुठे गेली, कुणी विचारलं नाही. दोन-चार दिवस ते माझ्या मागे उभे राहून बघत होते. त्यांचे गुडघे दुखतात, हे मला माहीत आहे. मी उठले नाही. नंतर त्यांनी वर येणं बंद केलं आणि खाली गल्ल्याजवळ बसू लागले. मी नाना नावाचं सेटिंग पुसून टाकलं. आता पडदा सगळ्यांना खरंच दाखवतो.

गेल्या उन्हाळ्यात पाचोऱ्याच्या एका लग्नाचं काम चालू होतं. ऊन फार म्हणून त्यांनी अंगणात हिरवी जाळी बांधली होती आणि तिच्याखाली हळद लावली होती. मी सकाळपासून तेच फोटो करत होते. नाना जेवायला बोलवायला वर आले. फोन लागत नव्हता म्हणून, नाहीतर आले नसते. दारातूनच त्यांची नजर पडद्यावर गेली.

"हळद हिरवी दखास," ते हळूच म्हणाले.

मी पाहिलं. हिरवीच होती. जाळीचा रंग चेहऱ्यांवर उतरला होता आणि सकाळपासून बघून माझा डोळा त्याला सरावला होता. दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते एका नजरेत दिसलं, मला तीन तासांत दिसलं नव्हतं. दुपारी ती पानं लॅबला जाणार होती. अल्बम माझ्या हातून बिघडला असता आणि पहिल्यांदाच खरोखर चुकून बिघडला असता.

"नाही नाना," मी म्हटलं, "बरोबर आहे."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला आणि पुन्हा पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की त्यांना हिरवंच दिसतंय. मग त्यांनी मान हलवली.

"तू म्हनस तर व्हई."

कठड्याला धरून ते खाली गेले. शेवटची पायरी वाजेपर्यंत मी थांबले आणि मग सगळ्या फोटोंतला हिरवा काढला. पाचोऱ्याचे लोक अल्बम बघून फार खूश झाले. त्यांनी धाकट्या मुलाचं लग्नही आम्हालाच दिलं.

तेव्हापासून नानांचा कशावरच विश्वास राहिला नाही. बाजारात जातात आणि भाजीवाल्यालाच विचारतात, पालक ताजा आहे का रे, मला कळत नाही. तो शिळा देतो. आणलेला पालक बघून नवरा चिडतो. नातीच्या चित्रकलेच्या वहीत झाड आहे की डोंगर, हे सांगायलाही आता ते तिचं तोंड बघतात. मी हे रोज बघते. खरं सांगितलं तर त्यांचा डोळा त्यांना परत मिळेल, आणि मला परत उभं राहावं लागेल. मी उभी राहणार नाही.

रोज सकाळी आंघोळ झाली की ते दोन हातांत दोन शर्ट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येतात.

"हाऊ निया शे का हिरवा?"

मी भाकरी थांबवते, शर्ट उजेडाकडे धरून नीट बघते आणि सांगते, निळा आहे नाना. तेवढं मी खरं सांगते.