दरीत पडलेली नायिका

पार्लरमध्ये शेजारची बाई केसांना मेंदी लावून माझी कादंबरी वाचत होती. परदेशी गेलेल्या नायिकेची नायक वर्षानुवर्षं वाट पाहतो, त्या पानावर तिचे डोळे भरून आले. मेंदी कपाळावर ओघळली तरी तिला भान नव्हतं. माझ्या कादंबऱ्यांत सगळेच वाट पाहतात. कागदावर वाट पाहताना कुणाचं शूटिंग अडत नाही.

तेवढ्यात मी लिहिते त्या मालिकेच्या निर्मात्याचा फोन आला. आमच्या नायिकेनं बाळंतपणाची सुट्टी मागितली होती.

“तिची गाडी दरीत पाडू,” मी म्हणाले.

“पण नंतर तिला परत घ्यायचं झालं तर?”

मालिकेत प्रेत दाखवलं नाही, तर मेलेलं माणूस केव्हाही परत येऊ शकतं.

शेजारची बाई डोळे पुसत होती.

“प्रेत दाखवा,” मी म्हणाले.