मावसभावाचा जुना प्रोसेसर

अख्ख्या नगर जिल्ह्यात माझ्या मावसभावाइतका संताप आणणारा माणूस नाही, आणि असलाच तर त्याने माझ्यासमोर येऊ नये. कर्जतला तो लग्नांचं शूटिंग करतो. कॅमेरा नवाकोरा, मॉनिटर भिंतीएवढा, कीबोर्डलासुद्धा रंगीत दिवे. फक्त कॉम्प्युटरचा प्रोसेसर इतका जुनाट, की त्यावर आजच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ एडिट करणं म्हणजे ट्रॉलीभर ऊस एका रसवंतीत घालणं. "अरे, आठ कोअरचा घे, आठवड्याचं काम दुपारपर्यंत उरकेल," असं मी घसा फोडून सांगितलं. त्यावर, "चालतोय की ह्यो! चालत्याला काढायचं कशापायी?" भर उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो, तर घरातला एकुलता टेबलफॅन प्रोसेसरकडे तोंड करून. मी घामाने निथळतोय म्हटल्यावर म्हणतो, "दादा, तुमाला घाम पुसता येतो. त्यानं कशानं पुसायचा?"

अशा माणसाला मी माझ्या मुलीच्या लग्नाचं काम दिलं, कारण मावशीला नाही म्हणायची आमच्यात कुणाची छाती नाही. माझे वडील, अण्णा, तेव्हा पाय मोडून अंथरुणाला खिळलेले. नातीचं लग्न हुकलं, म्हणून त्यांचा सगळा जीव त्या व्हिडिओत अडकलेला. मुलगी सासरी रुळली, दिवाळसणही झाला, तरी ह्याचं आपलं एकच, "दादा, चित्र अडकतंय." मी फोनवर त्याला नाही नाही ते बोललो. अण्णा रोज संध्याकाळी विचारायचे, "आला का रे तो?"

अखेर पेनड्राइव्ह घेऊन स्वारी उगवली. टीव्हीवर लावतो तर सुरुवातीला ना गणपती, ना नवरानवरी. नुसते पाहुणे. कुणी जेवताना, कुणी फेटा बांधून घेताना, आणि जो तो विचारतोय, "अण्णा कुठं हायेत?" "अण्णा न्हाई आले व्हय?" "अण्णांबिगर पंगत सुनी वाटती."

"मंगलाष्टकं कुठायत?" मी ओरडलो.

"हायेत की फुडं. चित्र अडकायचं, पर आवाज चालूच ऱ्हायचा, दादा. थांबल्या चित्राम्होरं बसून करनार काय? ऐकत बसलो. मग एकेकाला हुडकून म्होरं आनलं."

सप्तपदी ह्या गड्याने अर्धीच घेतली आहे, ते मी त्याला आजन्म माफ करणार नाही. अण्णा मात्र उशीला टेकून डोळे पुसत होते. पाहुणे संपून मंगलाष्टकं सुरू झाली, तसा त्यांनी हात वर केला.

"थांब जरा," ते म्हणाले. "पहिल्यापासून लाव."