डाव्या डोळ्यातला सूर्य

बायको गेल्यापासून मला सकाळ नकोशी झाली. जाग आली तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. उठून करायचं काय? लेकीला ते बघवेना, म्हणून तिने मला जपानला आपल्या घरी नेलं.

तिथल्या एका देवळात गेलो. दारातच दगडी कुंड, त्यावर बांबूची पळी. मी आपला तीर्थ समजून पाणी प्यालो आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

"अहो आबा, प्यायचं नसतं ते! हात धुवायचे, चूळ भरायची."

"आधी सांगायचं मग. आता गेलं पोटात."

लेक हसली आणि तिने त्या धुण्यामागची गोष्ट सांगितली. त्यांच्या एका देवाची बायको बाळंतपणात वारली. तो तिला आणायला थेट पाताळात गेला आणि हात हलवत परत आला. मग त्याने नदीवर अंग धुतलं. डावा डोळा धुतला, तेव्हा त्यातून सूर्यदेवी जन्मली.

देव असून त्याला बायको आणता आली नाही, तिथे मी कोण लागून गेलो? मसणातून आल्यावर मीही आंघोळ केली होती. पण नुसतं अंग भिजलं. मी काही तिथून परत आलोच नव्हतो.

पळीभर पाणी घेऊन मी डोळे धुतले. पाणी गार होतं. इतके दिवस अडलेलं रडू आलं. लेकीने रुमाल पुढे केला.

"राहू दे," म्हटलं. "उद्या मला लवकर उठव. इथला सूर्य कसा उगवतो ते बघू."