फरसबीचे डबे आणि कोंडेचं ताट

आमची पोस्ट सोळा हजार फुटांच्या वर होती. खिंड बंद झाली की चार महिने खालून कुणी वर येत नसे. मी नायब सुभेदार, पोस्ट कमांडर. माझ्याखाली आठ जवान. सकाळी सहाला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात उभं राहणं, साडेसहाला चहा, आठला बर्फ काढणं, नऊला बेसशी रेडिओ. त्या हिवाळ्यात रायफलीपेक्षा फावडं जास्त हातात होतं. लोकांना हे ऐकून वाईट वाटतं. त्यांना गोळीबार हवा असतो.

आज लिहायला बसलो त्याला निमित्त मागच्या रविवारचं. नारायण पेठेतल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात एका आहारतज्ज्ञांचं व्याख्यान झालं. वय तिशीचं, बूट चकचकीत. पडद्यावर फरसबीचा डबा दाखवून म्हणाले, "डबाबंद फरसबी, त्यात वर तेल. पोषण शून्य." समोरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. फुकटच्या व्याख्यानाला मान डोलवायला कुणाचं काय जातं?

मी उठून विचारलं, "आपण ती कधी खाल्ली आहे का?"

"मी ताजंच खातो, आजोबा."

उत्तर छान होतं. मंडई घरापासून दहा मिनिटांवर असली की सगळेच ताजं खातात.

शून्य म्हणजे किती, ते मी सांगतो. डब्यातल्या फरसबीत थोडा चोथा असतो, थोडं लोह असतं, काही जीवनसत्त्वं शिल्लक असतात, बरीच डबा भरतानाच गेलेली असतात. मीठ भरपूर. बाकी पाणी. मोठा डबा गाळून सगळाच्या सगळा खाल्लात, तरी अंगाला जेवढी ऊब मिळेल तेवढी एका मोठ्या चमचाभर तेलात असते. शिवाय भाजीतली काही जीवनसत्त्वं तेलाशिवाय अंगी लागत नाहीत. म्हणजे त्या जेवणातलं जेवण हे तेलच. हे मला कुठल्या तज्ज्ञानं शिकवलं नाही. आमच्या लांगऱ्यानं शिकवलं.

लांगरी म्हणजे पोस्टचा आचारी. नाईक सखाराम कोंडे. गाव पुण्याच्या कडेचं. आता ते गाव महापालिकेत आलंय आणि कोंड्यांच्या शेतात बारा मजले उभे आहेत. तेव्हा तिथे मेथी होत असे. माणूस कमी बोलायचा. चपात्या मात्र अशा करायचा की त्या उंचीवर, जिथे भूकच मरते, तिथेही जवान दुसरी मागायचे.

खिंड बंद व्हायच्या आधी शेवटचा सप्लाय यायचा होता. आदल्या दिवशी नऊला बेसवरचे कॅप्टन साहेब रेडिओवर आले. तेही पुण्याचेच. त्यांच्याकडे आहाराचा एक तक्ता होता आणि त्यांचा त्या तक्त्यावर फार जीव होता.

"खेचरं कमी आहेत. तेल निम्मं पाठवतोय. त्याऐवजी फरसबीचे डबे वाढवलेत. ओव्हर."

"सर, तेल पूर्ण हवं. डबे कमी करा. ओव्हर."

"वजनात हिशेब बरोबर बसतो. ओव्हर."

"सर, ते वजन पाण्याचं आणि पत्र्याचं आहे. ओव्हर."

"तक्त्यात भाजी म्हणजे भाजी. तक्ता तुम्ही केलाय का? आउट."

कोंडे शेजारीच उभा होता. म्हणाला, "साहेब, बीन्स म्हंजी पाणी हाय. तेल हाय तर जेवान हाय." त्याला तक्ता वाचता येत नव्हता. म्हणून त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी डबेच डबे आले. तेलाचा पत्र्याचा डबा एकच. दोन दिवसांनी खिंड बंद झाली. एका डब्यात नऊ माणसं फेब्रुवारीपर्यंत जगवायची होती. मी माणशी रोजचं तेल अंदाजानं ठरवून दिलं आणि डब्यात खुणा केलेली एक काठी घातली. दर सोमवारी काठी काढून पातळी बघायची.

कोंडे फरसबी डब्यातल्या पाण्यासकट शिजवायचा, कारण जे काही उतरलेलं असेल ते त्या पाण्यातच. पाणी आटलं की वरून प्रत्येकाच्या ताटात तेल मोजून घालायचा. आधी मला, मग जवानांना. स्वतः शेवटी, कुकहाउसमध्ये, स्टोव्हजवळ. लांगरी शेवटी जेवतो हा सगळीकडचा रिवाज आहे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

पाचव्या आठवड्यात काठी काढली तेव्हा तेल माझ्या हिशेबापेक्षा चार दिवसांचं जास्त होतं. मला आनंद झाला. नऊ वाजता मी रेडिओवर मोठ्या रुबाबात सांगितलं.

"तेल पुरतंय, सर. चार दिवसांचं वर आहे. ओव्हर."

"मी म्हटलं नव्हतं? तुम्ही लोक उगाच ओरडता. आउट."

नऊ माणसांत पाच आठवड्यांत चार दिवसांचं तेल वाचतं म्हणजे एक माणूस तेल खात नाही. चौथीतलं पोर सांगेल. कॅप्टन साहेबांना सुचलं नाही, त्याचं मला नवल नाही. मला सुचलं नाही.

तीन दिवसांनी सकाळी साडेआठला कोंडे पाण्यासाठी बर्फ फोडत होता. हे कामही लांगऱ्याचंच. दोन पोती भरली, तिसऱ्याला खाली बसला आणि उठला नाही. आम्ही त्याला आत घेतलं. शुद्ध होती.

मी विचारलं, "काय होतंय?"

"काय न्हाई साहेब. दम लागलाय."

नऊला मी हेलिकॉप्टर मागितलं. हवा खराब होती, येणार नाही म्हणाले. त्याला शेक द्यायला कोट उघडला. दोन जर्सी, पार्का, त्याच्या आत माणूस किती उरलाय ते बाहेरून दिसत नाही. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली तीन नवी भोकं होती. कुकहाउसमध्ये त्याचं ताट झाकलेलं होतं. दोन सुक्या चपात्या आणि पाण्यात उकडलेली फरसबी. वर तेलाचा एक थेंब नाही.

मी म्हणालो, "का रे?"

"नऊ जणांना फेब्रुवारी गाठत नव्हतं साहेब. आठांना गाठत हुतं. म्या मोजलं."

दहा वाजून चाळीस मिनिटांनी तो गेला. हवा तिसऱ्या दिवशी उघडली आणि हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेलं. खाली डॉक्टरांनी थंडी आणि अशक्तपणा असं लिहिलं. तेवढ्या तेलानं तो वाचला असता का, मला ठाऊक नाही. त्याचं ताट मी एकदाही पाहिलं नाही, एवढं ठाऊक आहे. कॅप्टन साहेबांची मला कीव येते. स्वतःची लाज वाटते, आणि ती वयानं कमी होत नाही. आम्ही आठही जण फेब्रुवारीत चालत खाली आलो.

व्याख्यानावरून परतताना मंडईतून पाव किलो फरसबी आणली. सुमननं, माझ्या बायकोनं, तेलावर परतली. आमच्या घरी लग्नापासून एक नियम आहे. जो स्वयंपाक करतो त्याचं ताट आधी, आणि ते मी वाढतो. पाहुणे असले तरी. नातेवाईक याला सुभेदाराचा तऱ्हेवाईकपणा म्हणतात. म्हणोत.

त्या दिवशीही वाढलं. भाजीवर वरून चमचाभर कच्चं तेल घातलं आणि समोर बसलो.

सुमन म्हणाली, "अहो, जेवते मी. किती वर्षं बघत बसणार आहात?"

"जेव," मी म्हणालो, आणि ताट रिकामं होईपर्यंत उठलो नाही.