महसीर सोडताना
नाचणीचं पीठ शिजवताना मला कावेरीकाठचा तो ऑक्टोबर आठवतो. तसल्याच पिठाच्या गोळीला वडिलांच्या गळावर मोठा महसीर लागला. पकडलेला मासा जिवंत सोडायचा, हा तिथला नियम. पण झुंजून दमलेला मासा पाण्यात उलटाच झाला. नुकतेच हृदयविकारातून उठलेले वडील कमरभर पाण्यात शिरले आणि कल्ल्यांतून पाणी खेळून तो सावरावा म्हणून त्याचं तोंड प्रवाहाकडे धरून राहिले. त्यांचे ओठ निळे पडले. “बिडी सार,” सोडा आता, असं वाटाड्या दोनदा म्हणाला. “अप्पा, बाहेर या की, औषधाच्या गोळीची वेळ झाली,” मी रडकुंडीला आले. “कल्ला हलतोय गं. थांब स्वल्प.” कल्ला नुसत्या प्रवाहानं हलत होता, मला ते दिसत होतं, आजही दिसतं. मी पाण्यात उतरले ती त्यांना ओढायला. धरली मात्र माशाची शेपटी.