देवळातून बाजारात गेलेलं कपाट

सागवाडीचं वाचनालय स्वातंत्र्य मिळालं त्याच महिन्यात सुरू झालं, आणि ते लक्ष्मीनारायणाच्या सभामंडपात सुरू झालं. गावात दुसरी पक्की जागा नव्हती. निवृत्त शिक्षक तात्या गद्रे यांनी घरोघर फिरून पुस्तकं गोळा केली. कुणी पोथ्या दिल्या, कुणी कादंबऱ्या, कुणी जुनी मासिकं. सगळं एकाच कपाटात गेलं, पोथीला लागून कादंबरी. तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

त्यातली अडचण कळली ती तात्यांच्या सुनेला.

अनुसूया पालीची, मराठी सातवी झालेली. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांचंच वाचनालय म्हणून हरखून गेली होती. पण गद्र्यांची नारळी-पोफळीची वाडी मोठी आणि घरात माणसं पुष्कळ. पहाटे रहाट सुरू झाला की तिचंही सुरू. पुस्तक उघडावं तर पान उलटायच्या आत हाक यायची. मुदत संपली की पुस्तक अर्धवटच परत जायचं. लग्नाला पाच वर्षं होत आली, एकही पुस्तक शेवटापर्यंत वाचून झालं नव्हतं.

महिन्यातले तीन दिवस मात्र ती मोकळी असे. मागच्या पडवीत घोंगडीवर बसायचं, वेगळं ताट, वेगळा तांब्या, कुणाला शिवायचं नाही. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात. हात रिकामे आणि दिवस लांबच लांब. पण नेमकं तेव्हाच पुस्तक चालत नसे. विटाळातल्या बाईनं हाताळलेलं पुस्तक देवळातल्या कपाटात, पोथ्यांशेजारी परत कसं ठेवणार? असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, लिहायची गरजच नव्हती. अनुसूयेलाही तो मान्य होता. तुळशीला पाणी घातल्याशिवाय ती चहासुद्धा घेत नसे.

चोपन्न सालच्या चैत्रात एक कादंबरी हातात असतानाच ती बाहेरची झाली. गोष्टीतली मुलगी नुकतीच घर सोडून निघाली होती. पुस्तक तर शिवून झालंच होतं, मग वाचायला काय हरकत, असा विचार करून ती ते घेऊनच पडवीत बसली.

दुपारी चंद्राबाईंनी पाहिलं. या तात्यांच्या विधवा बहीण. घरातलं सोवळं-ओवळं त्यांच्या हाती.

"अगो अनुसूये, देवळातलं ना ते पुस्तक?"

"हो, आत्याबाई. हातात होतं तेव्हाच झालं."

"मग टाकायचंस!"

"टाकलं असतं तरी विटाळलेलंच ना?"

"बघा, बाहेर बसली की हिला वाचा फुटते!"

चंद्राबाईंनी तिला ते बाजूला ठेवायला लावलं आणि चौथ्या दिवशी आपल्या परीनं उपाय केला. पुस्तकावर गोमूत्र शिंपडलं, जरा सढळ हातानंच, आणि अंगणात वाळत घातलं. संध्याकाळी पुस्तक पापडासारखं फुगलेलं.

"चंद्रे, हे वाळवलंस की तळलंस?" तात्यांनी विचारलं.

"देवापेक्षा तुझं पुस्तक मोठं का रे?"

"मोठं नाही गो. पण आता हे वाचणार कोण?"

अनुसूया दाराआड उभी होती. सासऱ्यांसमोर ती फारसं बोलत नसे. आज पुढे आली.

"तात्या, पोथ्या देवळात राहू देत. बाकीची पुस्तकं बाहेर कुठे ठेवता येतील का? मग आम्ही शिवलो तरी देवाला काही लागणार नाही."

"तुझ्या एकटीसाठी?"

"एकटी कशी? रोज कुणाच्या ना कुणाच्या पडवीत बाई बसलेलीच असते. शेजारची कमळ परवा वेळ जात नाही म्हणून भिंतीवरच्या मुंग्यांशी बोलत होती." मग आवाज उतरला. "मला वाचायला तेवढेच दिवस आहेत हो. तेही नसले तर मी वाचायचं विसरेन."

दुसऱ्या दिवशी तात्यांनी देवळातलं कपाट उघडून पाहिलं. कादंबऱ्यांना कसर लागली होती. पुरुष मंडळी येत ती वर्तमानपत्रापुरती.

वाचनालयाच्या समितीत त्यांनी कपाट देवळाबाहेर न्यायचं काढलं, तसे देवस्थानाचे पंच माधवराव भडकले. "आज पुस्तकं बाहेर, उद्या देवालाही काढाल!"

"देव कशाला निघतोय? तो काही आपला सभासद नाही," तात्या म्हणाले.

दसऱ्याला कपाट बैलगाडीत घालून बाजारातल्या सुपारीच्या वखारीशेजारच्या खोलीत नेलं. पोथ्या देवळात राहिल्या. आणखी एक झालं. कायद्यानं देऊळ सगळ्यांना खुलं होतं, पण गावकुसाबाहेरच्या धर्माजींना पायरी कुणी चढू देत नसे. ते आता रोज खोलीत बसून वर्तमानपत्र वाचू लागले. हे अनुसूयेच्या मनातही आलं नव्हतं. पण झालं ते चांगलंच झालं.

मार्गशीर्षात अनुसूया पडवीत वाचत बसली होती. चंद्राबाई अंतर राखून तांदूळ निवडत होत्या.

"एकटीच काय हसतेस गो?"

"गोष्टीतल्या मामाची फजिती झालीय."

"मग मोठ्यानं वाच की. कान काही शिवत नाहीत."

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून कुणी अनुसूयेला काही विचारायला आलं, तर चंद्राबाईच ओरडल्या, "ती बाहेरची आहे, तिला त्रास देऊ नका!" ऊन पोफळींमागे गेलं तेव्हा पुस्तक संपलं. सासरी आल्यापासूनचं पहिलं.

पुढे साठ सालानंतर वाचनालयाच्या इमारतीसाठी देवस्थानानं देवळालगतची जागा देऊ केली. तात्या थकले होते, हो म्हणायच्या बेतात होते. जेवताना विषय निघाला, तशी चंद्राबाईंनी भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"मुळीच घेऊ नकोस. देवाशेजारी गेली की पुस्तकं पडवीत यायची बंद. मग मला वाचून कोण दाखवणार?"

इमारत बाजारातच झाली.